पुळणीवरचे पाहुणे

मराठी वाङ्मयात समुद्र कमी नाही. कवितेत तो आहे, कादंबरीत आहे, प्रवासवर्णनात तर आहेच आहे. परंतु नवरा, बायको, दोन मुले आणि असलीच तर एखादी म्हातारी आई, असे एक साधे कुटुंब चार दिवसांची रजा काढून किनाऱ्यावरच्या एखाद्या लहान गावी उतरते, वाळूत बसते, भिजते, जेवते, झोपते आणि परत जाते, या अनुभवाचे चित्र मराठीत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीची उणीव टीकाकाराने का मोजावी, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात राहणाऱ्याने ती मोजली नाही तरी चालेल. आपल्यासारख्या परप्रांती नोकरी करणाऱ्यांना ती मोजावी लागते, कारण आपल्या मुलांच्या वाट्याला कोकण येते ते याच चार दिवसांपुरते.

केंद्र सरकारच्या नोकराला चार वर्षांच्या मुदतीत दोनदा स्वग्रामी जाण्याची सवलत मिळते आणि त्यांपैकी एक फेरी त्याला हिंदुस्थानात कोठेही करता येते. ‘स्वग्राम’ एकदा लिहून द्यावे लागते व साऱ्या नोकरीत ते सामान्यतः एकदाच बदलता येते. नियम करणाऱ्याच्या मनात घर आणि सहल यांमधील भेद अगदी स्वच्छ आहे. आपल्या मनात तो तसा राहिलेला नाही. कागदावरचे स्वग्राम घाटावरचे, आजोळ कोकणातले, तेथील घर विकलेले, आणि मुले झांशी जिल्ह्यात वाढलेली, अशा माणसाने दापोली तालुक्यातील मुरूडला जाऊन एका घरी भाड्याने खोली घेतली तर तो घरी गेला की सहलीला? वाङ्मयाने ज्याला शब्द द्यावेत असा हा प्रश्न आहे, आणि येथेच आपले वाङ्मय गप्प होते.

ते का गप्प होते, याचे एक कारण फार मोठ्या कवितेत आहे. सावरकरांची ‘सागरास’ ही कविता 1909 च्या डिसेंबरात ब्रायटनच्या किनाऱ्यावर जन्मली. ब्रायटन हे इंग्रजांचे सुट्टीचे गाव. अठराव्या शतकात समुद्रस्नानाच्या उपचारासाठी लोक तेथे जाऊ लागले, आणि 1841 मध्ये लंडनहून आगगाडी आल्यावर सामान्य कुटुंबांची रीघ लागली. मराठीतील सर्वांत परिचित समुद्रकाव्य सहलीच्या गावी लिहिले गेले आणि त्यात सहलीचा एक कणही शिरला नाही. शिरणे शक्यही नव्हते. ज्याच्या भोवती पोलिसांची पाळत आहे, ज्याच्या घरावर संकटांमागून संकटे येत आहेत, त्याला समुद्र हा मायभूमीच्या आड आलेला समुद्रच दिसणार. तक्रार कवितेविषयी नाही. तक्रार आहे ती पुढील पिढ्यांनी, विशेषतः शाळामास्तरांनी, समुद्रासमोर उभे राहण्याची तीच एक रीत प्रमाण मानली याविषयी. व्याकुळतेवाचून समुद्र पाहणे म्हणजे काही तरी हलके करणे, असा एक अबोल संस्कार आपल्यावर झाला आहे.

केशवसुतांचे उदाहरण याहून हळवे आहे. ते मालगुंडचे, आणि 1905 मध्ये गेले ते दूर हुबळीस. मास्तरकीने गावोगाव फिरवलेला हा माणूस आपल्या वाचकांना परका वाटू नये. आज मालगुंडला त्यांचे स्मारक आहे, आणि जवळच्या गणपतीपुळ्यास देवदर्शन व समुद्रस्नान उरकलेली कुटुंबे वाटेत तेथे डोकावतात. ओल्या कपड्यांनिशी कवीच्या घरात शिरणारी मुले पाहून काहींना वाईट वाटते. मला वाटत नाही.

आता कादंबरीकडे वळू. श्री. ना. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे. ‘गारंबीचा बापू’ 1952 ची. मुंबईत ‘बेस्ट’च्या नोकरीत राहून त्यांनी कोकण लिहिले, म्हणजे दूर बसूनच लिहिले, पण त्यांच्या पानांत पाहुण्याची नजर नाही. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ 1955 ची. तीत अंबावहिनी एका गावाची पडझड सांगते. साने गुरुजींचे पालगड याच दापोली तालुक्यातले, आणि ‘श्यामची आई’मध्ये श्याम पोहायला शिकतो तो कोठे? विहिरीत. आईने धाक घालून त्याला पाठवले ते विहिरीवर. पालगड किनाऱ्यापासून आत आहे हे खरे. तरीही कोकणातले मराठीतील सर्वांत लाडके बालपण विहिरीच्या पाण्यात भिजते, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

याचा उलगडा पुस्तकांपेक्षा गावांच्या रचनेत अधिक सापडतो. मुरूड, गुहागर अशा गावांतून चालत गेले तर घरांच्या दोन रांगा आणि मधून रस्ता दिसतो. घराचे तोंड रस्त्याकडे. ओटी, झोपाळा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणे, सारे तिकडे. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या शेवटास पुळण व समुद्र. अर्थात समुद्र हा त्या घरांच्या परसदारी आहे. आपले कोकणी वाङ्मय बहुतांशी याच ओटीवर बसून लिहिले गेले. समुद्राकडे तोंड करून जगले ते कोळी, खारवी, दालदी. त्यांचा हात लेखणीपर्यंत फार उशिरा पोचला. ओटीवरच्या माणसाला समुद्र म्हणजे मुंबईस नेणारी वाट, आणि ती वाट काय करू शकते हे 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली तेव्हा सर्वांना कळले. जेथे घरटी एक तरी माणूस बंदरावरून निरोप देऊन पाठवलेला, तेथे वाळूत किल्ले बांधण्याचे वाङ्मय उगवले नाही, यात नवल नाही.

मात्र आता परिस्थिती पालटली आहे. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली. मंगला एक्स्प्रेस झांशीच्या माणसाला गाडी न बदलता कोकणात नेते. ‘पडघवली’ने ज्यांच्यासाठी शोक केला तशा घरांपैकी कित्येक आज पाहुण्यांसाठी उघडली आहेत. वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथे कासवांची पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि त्यांच्या पंक्तीला जेवतात. जीवन पुढे गेले आहे. लेखन दोन ठिकाणी अडकले आहे. एक, दिवाळी अंकातला गावाकडचा लेख. त्यात बंद घर असते, कुलपावर गंज असतो, एक थकलेली काकू असते, फणस असतो आणि शेवटी लेखकाचे डोळे पाणावतात. दुसरे, सहलीच्या जाहिरातीचे गद्य. त्यात किनारा ‘निसर्गरम्य’, वाळू ‘रुपेरी’, जेवण ‘अस्सल घरगुती’. दोहोंत एक साम्य आहे. पहाटे चारला उठून तीन कुटुंबांचे उकडीचे मोदक वळणारी, दुपारी त्यांच्या चादरी धुणारी आणि रात्री हिशेब लिहिणारी बाई दोन्हीकडे नाही. पहिल्यात ती काकू होते, दुसऱ्यात ‘घरगुती’ हे विशेषण.

पु. ल. देशपांडे यांचा अंतू बर्वा (‘व्यक्ती आणि वल्ली’, 1962) येथे आठवावा. विनोदाच्या आड त्यांनी एक अवघड गोष्ट साधली. तेथे बाहेरून आलेला मनुष्य गावाकडे पाहत नाही, गाव त्याच्याकडे पाहते, आणि ते पाहणे मुळीच भाविक नसते. सहलीच्या लेखनाला ही उलटी नजर हवी आहे. ती पुढे कोणी नेली नाही. अंतूच्या लकबी मात्र पुष्कळांनी उचलल्या.

ऑस्ट्रेलियात वस्तीच मुख्यतः किनाऱ्यावर आहे आणि लहान गावातील समुद्राची सुट्टी तेथे कुटुंबाच्या आयुष्यातील नेमाची गोष्ट आहे. टिम विंटन या कादंबरीकाराच्या ‘ब्रेथ’ (2008) मध्ये अशाच एका गावची दोन मुले लाटांवर स्वार होण्याच्या नादी लागतात. तेथे आनंद आणि भय एकाच श्वासात आहेत. त्या देशाचे पंतप्रधान हॅरोल्ड होल्ट 17 डिसेंबर 1967 रोजी पोहायला म्हणून समुद्रात शिरले आणि परत आले नाहीत. सुट्टीचा समुद्र तेथे निरुपद्रवी नाही, आणि म्हणूनच तो वाङ्मयाचा विषय होऊ शकला, असे मला वाटते.

आपल्याकडे जाहिरातीने भय पुसले आणि त्याबरोबर शब्दही पुसले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती ती उधाणाची, अष्टमीच्या सुमाराची बेताची ती भांगेची, हे किनाऱ्यावरचे पोर जाणते. सहलीला आलेल्यास ‘बीच’ हा एकच शब्द ठाऊक असतो. ‘पुळण’ ऐकून तो गोंधळतो. 1 फेब्रुवारी 2016 रोजी जंजिऱ्याजवळच्या मुरूडला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्या दुर्घटनेचे खापर भाषेवर फोडण्याइतका मी भाबडा नाही. परंतु ज्या भाषेत समुद्राचे इतके बारीक ज्ञान साठवलेले आहे तिच्या ललित गद्यात ते उतरू नये, आणि परप्रांतातून येणाऱ्या मराठी मुलापर्यंत पोचू नये, ही गोष्ट बेचैन करते. माझ्या मुलाने बेतवा आणि धसान पाहिल्या आहेत. मुरूडच्या पुळणीवर त्याने विचारले, “हिचा दुसरा घाट कोठे आहे?” सगळे पाणी त्याच्या लेखी स्त्रीलिंगी आणि दोन काठांचे होते.

नमुना हवा असेल तर तो आपल्याकडे आहे, आणि योगायोग असा की तो याच मुलखातला आहे. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून ते उत्तरेस निघाले आणि 1857 च्या धामधुमीत झांशीत अडकले. ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील वेढ्याची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मला मोलाचे वाटते ते त्याचे साधे गद्य. कोठे उतरलो, काय खाल्ले, कोणी किती दिले, कोणी लुबाडले, हे तो मनुष्य सांगत जातो. कोकण सोडल्याचा उमाळा पानोपानी नाही, परमुलखाचे कौतुकही गळ्यात येत नाही. ज्यांच्या घरी उतरला त्या यजमानांना तो माणसे म्हणून पाहतो आणि त्यांच्या अन्नाचा हिशेब ठेवतो.

गोडसे भटजींची वाट उलटी चालणारी पुष्कळ मराठी कुटुंबे आज गुरसराय, झांशी, सागर, ग्वाल्हेर येथून निघतात. येथील जहागीरदार मूळचे मराठी. त्यांच्या कोटाच्या सावलीत मी हे लिहीत आहे, आणि या गावातून समुद्राला गेलेल्यांच्या कहाण्या मला तोंडी ऐकायला मिळतात, लिहिलेल्या मिळत नाहीत. त्या कोणी लिहिल्याच तर त्यांत डब्यातल्या पुऱ्या किती दिवस पुरल्या ते असावे, खोलीचे भाडे असावे, मुलाला पाण्यात कोठवर जाऊ दिले ते असावे. आणि पहिल्या संध्याकाळी यजमानीण चहा ठेवता ठेवता जे विचारते तेही असावे. मुरूडला आम्हांला विचारले होते, “तुम्ही मूळचे कुठले?” बायको म्हणाली, इथलेच. मी त्याच वेळी गुरसरायचे नाव सांगितले. त्या बाईने दोन्ही ऐकून घेतले आणि वहीत पत्त्याच्या रकान्यात काय लिहू, असे पुन्हा विचारले.