‘विषारी’ शंख : एका विशेषणाची परीक्षा

‘लुप्त झालेला विषारी सागरी शंख’ या शब्दप्रयोगातील तीन विशेषणांचा आधार सारखा नाही. ‘लुप्त’ व ‘सागरी’ यांची साक्ष खडकाचे थर देतात. ‘विषारी’ हे मात्र अनुमान होय. हा भेद शास्त्रीय मराठी लेखनात पाळला जावयास हवा.

कच्छच्या टर्शरी थरांतील ‘कोनस ब्रेव्हिस’ या जातीचे वर्णन सॉवर्बी याने १८४० मध्ये केले. अभ्यासकाच्या हाती येते ते केवळ कवच. विषनलिका मृदू असल्याने जीवाश्मात टिकत नाही, आणि भाल्यासारखा पोकळ दातही सहसा आढळत नाही. आजचे कोनस विषाने शिकार करतात. तेव्हा त्यांच्या लुप्त आप्तांतही विष होते, असे मानले जाते. हे अनुमान भक्कम आहे. पण तेवढ्यावरून त्या जातीचे भक्ष्य कोणते, विष किती तीव्र, हे ठरत नाही. याउलट, अतिनील प्रकाशात काही कोनस-जीवाश्मांवरील रंगनक्षी प्रत्यक्ष दिसते. म्हणजे ठिपके हा पुरावा, विष हा तर्क.

तौलनिक भाषाशास्त्रात पुनर्रचित रूपाआधी तारका देतात, ती याच विवेकासाठी. मराठीला तारकेचीही गरज नाही. ‘विषारी होता’ याऐवजी ‘विषारी असावा’ एवढे पुरे.

‘शंख’ या शब्दाची व्याप्तीही तपासावी लागते. अकोल्याच्या जठारपेठेतील वाचकाला शंख म्हणताच देवघरातला शंख आठवतो, आणि शंखाबरोबर समुद्र आलाच. परंतु विदर्भात लाव्हाच्या थरांमधील गाळात सापडणारा ‘फायसा प्रिन्सेपी’ हा गोड्या पाण्यातला जीव. त्याचेही वर्णन सॉवर्बीने १८४० मध्येच केलेले आहे. त्याला नुसते ‘शंख’ म्हटले आणि शेजारी पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचा उल्लेख केला, की वाचक त्या थरांत नसलेला समुद्र उभा करतो. विहिरीचे पाणी खारे असल्याने गोड्या पाण्यातला जीव सागरी ठरत नाही.

तात्पर्य, परिभाषा म्हणजे केवळ प्रतिशब्दांची जुळणी नव्हे. पाहिलेले आणि ताडलेले यांतील अंतर क्रियापदातून व्यक्त होत नसेल, तर शब्द शुद्ध असूनही विधान सदोषच राहते.