‘अस्तु’मधील शास्त्री आणि चन्नम्मा

मैत्रीस पूर्वपरिचय हवा, समान शील हवे, असे आपण सामान्यतः धरून चालतो. मग ज्याची स्मृतीच लोपत चालली आहे, त्याच्याशी कोणाचे मैत्र जडावे कसे? सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांच्या ‘अस्तु’ (२०१३) ह्या चित्रपटाने हाच प्रश्न हाती घेतला आहे.

कथानक थोडके आहे. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. अल्झायमरच्या विकाराने त्यांची स्मृती ओसरत आहे. कन्या इरा त्यांस मोटारीत ठेवून थोडी दूर जाते, तोच एका हत्तीच्या ओढीने ते त्याच्यामागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांचा सांभाळ करते, आणि हा वृद्ध पंडित तीस ‘आई’ मानू लागतो.

ह्या नात्याचे मर्म असे की, शास्त्री पूर्वी कोण होते हे चन्नम्मेस ठाऊक नाही. इरेच्या प्रत्येक शुश्रूषेत गतवैभवाचे दुःख मिसळलेले असते. पूर्वीचे वडील तिला पदोपदी आठवतात. चन्नम्मेपुढे मात्र एक भुकेला, भांबावलेला जीव तेवढा आहे, आणि तेवढ्यावरच ती त्याला आपला म्हणते.

येथे एक आक्षेप घेणे प्राप्त आहे. निरक्षर, दरिद्री स्त्री म्हणजे वात्सल्याचा अखंड झरा, ही कल्पना सुशिक्षितांना फार सोयीची असते. शिवाय चन्नम्मेचा सहवास अल्पकाळाचा, इरेचा भार वर्षानुवर्षांचा. दोघींस एकाच तराजूत घालणे न्याय्य नव्हे. परंतु दिग्दर्शकांनी इरेच्या थकव्यास दोष दिलेला नाही, म्हणून ही कथा उपदेशाच्या पातळीवर घसरत नाही. अमृता सुभाष ह्यांनी चन्नम्मेस देवी न करता हाडामांसाची बाई ठेवले, हेही त्याचे एक कारण होय. एकसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा अभिनय व सुमित्रा भावे ह्यांचे संवाद गौरविले गेले, ते यथायोग्यच. डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ; त्यांच्या शास्त्रींत रोगाचे प्रदर्शन नाही, हरवलेल्या माणसाची प्रतिष्ठा आहे.

शिरवळसारख्या, कारखान्यांमुळे वाढलेल्या गावात निवृत्त वृद्ध आणि परभाषिक कामकरी कुटुंबे आज शेजारी नांदतात. घरच्या वृद्धाची सेवा पुष्कळदा अशाच परक्या हातांकडे जाते. त्या हातांस वेतन देऊन आपण मोकळे होतो; त्यांच्याकडून आपल्या माणसास काय लाभले, हे क्वचितच विचारतो. तो प्रश्न विचारावयास लावणारी ही कृती रसिकांनी अवश्य पाहावी.