काचेआडची सर्कस

फ्लोरिडातल्या सारासोटा शहरात, रिंगलिंग संग्रहालयात, एक अख्खी सर्कस मांडून ठेवली आहे. एका फुटाला पाऊण इंच या प्रमाणात आठ मोठे तंबू, १५२ गाड्या, १३०० माणसं, आठशेहून अधिक जनावरं आणि ५९ डब्यांची आगगाडी. हॉवर्ड टिबल्स यांनी १९५६ साली हे काम हाती घेतलं आणि पुढे अनेक दशकं त्यात भर घातली. ही ज्या रिंगलिंग सर्कशीची प्रतिकृती आहे, तिने त्याच १९५६ च्या जुलैत पिट्सबर्गला आपला तंबू कायमचा उतरवला होता. डोळ्यांदेखत संपत चाललेली गोष्ट एका माणसाने हाताने पुन्हा उभी केली, आणि म्हणूनच ती खेळण्यासारखी वाटत नाही.

या प्रतिकृतीत मोठ्या तंबूच्या मागची बाजू मला सगळ्यात मोलाची वाटते. रुळांवर उभी मालगाडी, तिच्यावरून उतरणाऱ्या गाड्या, जेवणाच्या तंबूत ओळीने मांडलेली ताटं. सकाळी नव्या गावी उतरायचं, दिवसा दोन खेळ लावायचे आणि रात्रीतून सगळा पसारा पुन्हा डब्यांत चढवायचा, हे अमेरिकी सर्कशीचं बळ होतं. ते रेल्वेच्या वेळापत्रकावर उभं होतं, हे इथे एका नजरेत कळतं.

पण ही प्रतिकृती १९१९ ते १९३८ या भरभराटीच्या काळातल्या सर्कशीची आहे. १९४४ मध्ये हार्टफर्डला खेळ चालू असताना याच सर्कशीच्या तंबूला आग लागली. पाणी आत येऊ नये म्हणून कापडाला पॅराफिन आणि गॅसोलीनचा हात दिलेला होता. दीडशेहून अधिक माणसं गेली, त्यांत पुष्कळशी मुलं. प्रतिकृतीच्या काळाच्या चौकटीत ती आग येतच नाही. आठशे जनावरं तिथे शिस्तीत उभी आहेत. ती शिस्त कशी लावली जायची, हे लाकडाचा हत्ती सांगू शकत नाही. २०१६ मध्ये रिंगलिंगने हत्ती रिंगणातून काढले, २०१७ मध्ये सर्कसच थांबवली आणि २०२३ मध्ये जनावरांशिवाय ती पुन्हा सुरू केली. आज सर्कशीचा इतिहास मांडताना हा भाग कोपऱ्यात ठेवून चालणार नाही.

सर्कस जपण्यातली मोठी अडचण मात्र या कलेच्याच स्वभावात आहे. कसरतपटू लिलियन लाइट्झेल एका हाताने दोराला लटकून स्वतःचं शरीर खांद्यावरून गरागरा फिरवायची, कधी शंभराहून जास्त वेळा. दर फेरीला खांदा थोडा निखळायचा आणि परत बसायचा. १९३१ मध्ये कोपनहेगनला वरची धातूची कडी तुटली, लाइट्झेल खाली पडली आणि दोन दिवसांनी गेली. तिचा पोशाख, पोस्टर, फोटो जपता येतात. निखळलेला खांदा सावरत पुढची फेरी घेण्याचं कसब उस्ताद आणि शिकणारा यांच्यामध्येच जगतं. सारासोटाचं नशीब असं, की तिथे शाळेच्या मुलांची सेलर सर्कस १९४९ पासून चालू आहे. संग्रहालय बघून आलेल्या मुलाला झुल्यावर चढायला जागा आहे. ती नसती तर हा सगळा संग्रह निव्वळ सामान ठरला असता.

रिंगलिंग सर्कशीत आपला माणूसही होता. पुण्याचे दामू धोत्रे लहानपणीच मामांच्या सर्कशीत शिरले, युरोपात नाव कमावलं आणि १९४० मध्ये प्राणी-प्रशिक्षक आल्फ्रेड कोर्ट यांच्याबरोबर रिंगलिंगमध्ये वाघ-बिबटे घेऊन उतरले. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे त्यांचं आत्मकथन मराठीत आहे, हे आपलं भाग्यच.

त्यांच्या मागची परंपरा मात्र आपण विखरू दिली. आधुनिक सर्कशीचे जनक फिलिप अ‍ॅस्टली यांनी लंडनमध्ये रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरवला, कारण त्या वळणावर धावत्या घोड्याच्या पाठीवर उभा स्वार तोल राखू शकतो. सर्कस जन्मली ती घोड्यावर, आणि भारतातही तसंच झालं. चियारिनींची इटालियन सर्कस मुंबईत आली. ती पाहून कुरुंदवाड संस्थानातले घोडेस्वार विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभारली. पुढे म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची अशा सर्कशी निघाल्या. केरळात तलश्शेरीला कीलेरी कुन्हीकन्नन यांनी १९०१ मध्ये सर्कशीची शाळा काढली आणि कसरतीचं केंद्र तिकडे सरकलं. तिथेच २०१० मध्ये सरकारी सर्कस अकादमी उघडली, पण ती फार वर्षं चालली नाही.

देशभरात १९९८ च्या सरकारी अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वलं, माकडं रिंगणातून गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवणं बंद झालं. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण कोवळ्या वयात कसरत शिकण्याचा जुना रस्ता बंद झाला आणि त्याच्या जागी शाळा, शिष्यवृत्ती, प्रशिक्षक यांचा नवा रस्ता कुणी आखला नाही. हे अपयश सर्कसवाल्यांचं नाही, आपल्या सांस्कृतिक धोरणाचं आहे.

छत्रे-देवलांच्या सांगली-कुरुंदवाड पट्ट्यात सर्कशीचं संग्रहालय व्हायलाच हवं. जुनी हँडबिलं, फोटो, हिशेबाच्या वह्या, झुल्याचे दांडे यांचा शोध आत्ताच घ्यायला हवा. त्याहूनही आधी, झुल्यावर पकडणाऱ्याने हात कधी पुढे करायचा, जाळीत पडताना पाठ कशी टेकवायची, तंबूचा मुख्य खांब किती माणसांनी कसा उभा करायचा, हे ज्यांच्या अंगात भिनलंय अशा निवृत्त खेळाडूंना कॅमेऱ्यापुढे बसवून सगळं बारकाईने नोंदवून घ्यायला हवं. त्यासाठी इमारतीची किंवा मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही.