बाहुली उलटी करून वाचताना

हुमेल बाहुल्यांचे चेहरे मला कधीच भावले नाहीत. फुगरे गाल, हातात छत्री नाहीतर टोपली, आणि बारा महिने तोच गोडवा. पण बाहुली उलटी धरली की मी रमतो. बुडावरच्या शिक्क्यात एक गोष्ट आहे, आणि ती वरच्या हसऱ्या चेहऱ्यापेक्षा बरीच कडू आहे.

मारिया इनोसेंतिया हुमेल ही जर्मन नन. तिच्या चित्रांवरून गोबेल कंपनीनं १९३५ पासून बाहुल्या काढल्या. तिनं काढलेली मुलं नात्सींना रुचली नाहीत. १९४६ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, ती क्षयानं गेली.

आता शिक्के क्रमानं बघा. सुरुवातीला मुकुट आणि खाली कंपनीची आद्याक्षरं. या शिक्क्यात चित्रकर्तीची खूण नाही. १९५० मध्ये तिच्या स्मरणार्थ इंग्रजी 'व्ही' अक्षरात एक मोठा भुंगा आला, कारण जर्मनमध्ये हुमेल म्हणजे भुंगा. पुढच्या काही वर्षांत तो लहान होत 'व्ही'च्या आत घसरला. मग त्याचे पंख म्हणजे नुसते त्रिकोण उरले. १९७२ पासून कंपनीचं नाव ठळक, आणि भुंगा त्याच्या डोक्यावर टिकलीएवढा. १९७९ मध्ये तोही गायब! तो परतला थेट २००० मध्ये.

देशाचं नावही असंच बदलत जातं. युद्धानंतरच्या काही बाहुल्यांवर 'यू. एस. झोन' आहे, नंतर 'वेस्ट जर्मनी', आणि एकीकरणानंतर नुसतं 'जर्मनी'. फाळणी आणि जोडणी, दोन्ही रुपयाएवढ्या जागेत.

संग्राहकांच्या मार्गदर्शिका हे सगळं नोंदवतात, पण किमतीसाठी. शिक्का त्यांच्या लेखी आधार कार्ड आहे: दाखवा आणि पुढे चला. माझी तक्रार इथे आहे. शिक्का म्हणजे मजकूर आहे, आणि तो लिहिणारी कंपनी आहे. ती काय सांगते याइतकंच काय सांगत नाही हेही वाचायला हवं. मातीत कोरलेलं साल घ्या. ते मूळ नमुन्याच्या हक्काचं साल असतं, ती बाहुली घडवल्याचं नव्हे. साल १९३८ चं आणि शिक्का भुंगा गेल्यानंतरचा, अशी बाहुली १९७९ च्या आधीची असूच शकत नाही. पुस्तकावर 'पहिली आवृत्ती' कधीची ते छापलेलं असलं, म्हणून हातातली प्रत पहिल्या आवृत्तीची होत नाही, तसंच हे.

कधी कधी शिक्क्याशेजारी ब्रशनं केलेली बारीकशी खूण दिसते. ती रंगवणाऱ्या कारागिराची. विक्रीच्या फोटोत बूड दिसलं तर झूम करून आधी तीच शोधा. त्या बुडावर कंपनी आणि देश यांच्या पलीकडचं माणूस असलंच, तर तिथेच सापडेल.