माप हरवलेली परसबाग

मराठीत परसबाग, घरगुती औषधे आणि स्वावलंबी जगणे या विषयांवरची पुस्तके ग्रंथालयात बहुधा एकाच फळीवर असतात. त्यांचा वाचकही बहुधा एकच असतो. आधी तो तुळस, गवती चहा, कोरफड लावतो, मग पालेभाजीचा वाफा करतो आणि पुढे 'बाजारातून काहीच आणायचे नाही' या स्वप्नापर्यंत पोचतो. या वाङ्मयाची समीक्षा मात्र क्वचितच होते. कादंबरीची चिकित्सा होते, कवितासंग्रहावर परिसंवाद होतात, पण 'शंभर घरगुती उपाय' सांगणाऱ्या पुस्तकाकडे समीक्षक वळत नाही. वास्तविक जे पुस्तक वाचून माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी वाटून पितो, त्याची तपासणी अधिक कसून व्हायला हवी.

ही पुस्तके मी नरडाण्यात बसून वाचतो, आणि या वाचनाला जागेचा संदर्भ आहे. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावर असलेले हे गाव. शेजारी औद्योगिक वसाहत, भोवती कापसाची रानं. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. उन्हाळ्यात हंड्याने पाणी भरून ठेवण्याची सवय इथे अजून मोडलेली नाही. अशा गावात परसबागेचे पुस्तक उघडले की तीन प्रश्न आपोआप पुढे येतात: पाणी किती? मात्रा किती? आणि श्रम कोणाचे? या तीन प्रश्नांवर हे वाङ्मय घासून पाहणे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

पाण्याचा हिशेब

स्वावलंबी शेतीच्या मराठी वाचकावर दोन पुस्तकांचा मोठा प्रभाव आहे. एक, श्री. अ. दाभोलकरांचे 'विपुलाच सृष्टी'. दुसरे, जपानच्या मासानोबू फुकुओका यांचे, मराठीत 'एका काडातून क्रांती' या नावाने आलेले. फुकुओकांचे शेत शिकोकू बेटावर होते, जिथे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुस्तकाचा अनुवाद झाला, पावसाचा होऊ शकला नाही. 'काही न करण्याची शेती' हे तत्त्व वाचताना खानदेशच्या वाचकाने आधी हा फरक मनाशी धरायला हवा.

दाभोलकर मुळात गणिताचे. 'प्रयोग परिवारा'तून त्यांनी शेतकऱ्यांना मोजायला शिकवले. पानांचे क्षेत्र किती, त्यावर ऊन किती पडते, त्यातून काडीकचरा किती तयार होतो, हे त्यांचे प्रश्न. 'दहा गुंठ्यांत कुटुंब' ही कल्पना मराठीत रुजली ती त्यांच्यामुळे. पण नंतरच्या पुस्तकांनी त्यांचा दहा गुंठ्यांचा निष्कर्ष उचलला आणि मोजण्याची पद्धत सोडून दिली.

आपण ती पद्धत नरडाण्याला लावून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. भर उन्हाळ्यात हिरव्या वाफ्याला दिवसाला ८ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर दहा गुंठ्यांना रोज आठ हजार लिटर हवे. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचे आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. अंघोळीचे आणि भांडी धुतल्याचे मिळून त्यातले निम्मे, म्हणजे १४० लिटर, परसात वळवता आले असे समजू. त्यात १७ चौरस मीटर भिजतात. म्हणजे साधारण १८० चौरस फूट.

तेव्हा नळाचे पाणी ठरल्याप्रमाणे रोज आले, तरच मे महिन्यात नरडाण्याच्या घरची खरी परसबाग १८० चौरस फुटांची होते. पाचट, पालापाचोळा यांचे आच्छादन घातले, दुपारची सावली धरली, तर थोडी वाढेल. ५० चौरस मीटर छतावर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला आठ आणे-दहा आणे वाया न जाऊ देता ८० टक्के साठवला, तर २२ हजार लिटर होतात. चार महिन्यांत वाटले तर रोजचे १८० लिटर, म्हणजे बाग दुपटीहून मोठी. पण त्यासाठी हजार लिटरच्या २२ टाक्या लागतील. त्या कुठे ठेवायच्या आणि कोणत्या पैशाने घ्यायच्या, याविषयी छतावरच्या पाण्याचे गोडवे गाणारी प्रकरणे गप्प असतात.

ही आकडेमोड परसबागेच्या विरोधात नाही. १८० चौरस फुटांत पोकळा, मेथी, पालक, कोथिंबीर, कढीपत्ता, मांडवावर एखादे गिलके आणि कुंपणाला शेवगा एवढे मावते. घरात रोज ताजी पालेभाजी असणे ही लहान गोष्ट नाही. विशेषतः रक्त कमी असलेल्या बायका आणि वाढती मुले ज्या घरात आहेत, तिथे तर नाहीच. 'उमेद' अभियानाने २०२० साली राबवलेली 'माझी पोषण परसबाग' मोहीम याच मर्यादित, पोषणाच्या हेतूने होती, म्हणून ती मला अनेक जाड पुस्तकांपेक्षा प्रामाणिक वाटते. गडबड होते ती 'पोषण' या शब्दाच्या जागी 'स्वयंपूर्णता' हा शब्द आला की. पाच माणसांना रोज दीड किलो धान्य धरले तरी वर्षाला साडेपाच क्विंटल होते. कोरडवाहू ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल धरली, तर एका घराच्या भाकरीलाच एकराहून जास्त रान हवे. डाळ, तेल, मिरची वेगळीच. परस भाजी देतो, भाकरी देत नाही.

मात्रेचा हिशेब

'आजीबाईचा बटवा' हा मराठी प्रकाशनव्यवहारातला न आटणारा झरा आहे. या पुस्तकांची भाषा पाहावी: 'थोडासा रस', 'चिमूटभर चूर्ण', 'काही दिवस घ्यावे', 'लगेच गुण येतो'. वनस्पतीचे शास्त्रीय नाव नाही, वय-वजनाचा विचार नाही, किती दिवसांनी थांबायचे ते नाही. आणि या सगळ्याला आधार म्हणून परंपरेचे नाव.

परंपरा मात्र अशी बोलत नाही. शार्ङ्गधर संहितेचा आरंभीचा अध्यायच मापांचा आहे. मापाशिवाय औषधाची योजना होऊ शकत नाही, ही भूमिका घेऊन तो ग्रंथ पुढे जातो. नीट योजले तर विषही औषध होते आणि चुकीचे योजले तर औषधही विष, हे चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले. मराठीत डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधीसंग्रह' १९२७ मध्ये आला, तोही जाणकार वाचक डोळ्यांपुढे ठेवून. बटव्याच्या पुस्तकांनी या परंपरेतून वनस्पतींची नावे घेतली आणि शिस्त तिथेच ठेवली.

नावांचेही तसेच. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून जी विकली जाते ती पुष्कळदा मंडूकपर्णी असते. मुतखड्यावर 'पाषाणभेद' म्हणून कुंडीतली पानफुटी खाल्ली जाते. ग्रंथातला पाषाणभेद ही हिमालयातली वेगळीच वनस्पती, आणि पानफुटीच्या कुळात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. बिब्बा तर खानदेशात घरोघर माहीत आहे. तो अंगावर उतला म्हणजे काय होते हेही माहीत आहे. तरी शोधनाचा उल्लेख न करता त्याचे उपाय छापले जातात.

करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघर उकळला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताची इजा आढळली आणि त्यांनी ती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद कोणी जिंकला हे ठरवणे माझे काम नाही. वाचक म्हणून मला एवढे दिसते की दोन्ही बाजू खऱ्या धरल्या तरी निष्कर्ष एकच निघतो: ओळख, मात्रा आणि मुदत सांगितल्याशिवाय कुंपणावरची वेल उकळायला सांगू नये.

कडू दुधी: तीन सल्ले एका परसात

या वाङ्मयाचा मुख्य दोष एका उदाहरणात सापडतो. तीन सल्ले घेऊ. शेतीचे पुस्तक सांगते, बियाणे घरचेच धरा. पाणीबचतीचे पुस्तक सांगते, वेलाला पाणी बेताचे द्या. आरोग्याचे पुस्तक सांगते, रोज सकाळी अनशापोटी दुधीचा रस घ्या. सुटे वाचले तर तिन्ही चांगले वाटतात.

आता ते तिन्ही एकाच परसात आणू. दुधी, काकडी, गिलके, दोडके हे सगळे एका कुळातले. या कुळात कुकर्बिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांत ती फार कमी झालेली आहेत. पण जवळपास कडू भोपळ्याचा वेल असेल तर परागसंकर होतो आणि घरी धरलेल्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळ येऊ शकते. ऊन आणि पाण्याचा ताण यांनीही या कुळातल्या फळांत कडूपणा वाढू शकतो. असे फळ भाजीत पडले तर पहिल्याच घासाला कळते आणि पातेले बाजूला होते. रस मात्र औषध म्हणून डोळे मिटून पिला जातो. औषध कडूच असायचे, ही आपली समजूत तिथे घात करते. २०१० मध्ये दिल्लीत दुधीचा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितले: रस कडू लागला तर तो टाकून द्यावा, आणि पिल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी झाली तर तातडीने रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा नाही.

दुधीचा रस सुचवणाऱ्या प्रत्येक पानावर 'आधी फोड चाखा, कडू असेल तर फेका' ही एक ओळ हवी. मी चाळलेल्या बटव्यांत ती मला दिसली नाही. हा विसराळूपणा एखाद्या लेखकाचा म्हणता येणार नाही. बाग लिहिणारा औषध लिहिणाऱ्याशी बोलत नाही, आणि दोघांनीही फळ उन्हात तापलेल्या परसात पाहिलेले नाही.

श्रमाचा हिशेब

या पुस्तकांचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. 'पाणी घालावे', 'वाटून घ्यावे', 'उकळून गाळावे'. कर्ता कुठेच नाही. १४० लिटर पाणी म्हणजे पंधरा लिटरच्या नऊ-दहा बादल्या. त्या मोरीपासून वाफ्यापर्यंत रोज कोण नेते? काढा कोण उकळते, पातेले कोण घासते? बटव्यावर नाव आजीचे असते, आतल्या पानांत मात्र आजी कामाला नसते. स्वावलंबनाची किंमत रुपयांत वाचली म्हणून आनंद मानायचा आणि ती बाईच्या तासांत मोजायची नाही, हा हिशेब अपुरा आहे.

कोणाचे स्वावलंबन?

स्वावलंबनाचे खरे प्रयोग आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि ते परसातून सुरू झालेले नाहीत. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने नव्वदच्या दशकापासून चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले. कुऱ्हाडबंदीचे नियम गावाने केले, दंडही गावानेच ठरवले. जंगल वाढले, पाणी टिकले, आणि मग तिथली वनभाज्यांची स्पर्धा गाजू लागली. तीत बायका भाजी ओळखतात, रांधतात आणि तिची माहिती सांगतात. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून बंधाऱ्यांची साखळी उभी केली. तिच्या गुणदोषांची चर्चा झाली, व्हायलाच हवी. पण दोन्हीकडे एकक गाव होते, घर नव्हते.

नरडाण्याला जंगल नाही, म्हणून बारीपाडा इथे जसाच्या तसा उतरणार नाही. पण तिथली रीत उतरू शकते: ओळख जाणत्या बाईकडून चारचौघांत शिकणे, आणि पाण्याचा नियम सगळ्यांनी मिळून करणे. मराठीतले स्वावलंबनाचे वाङ्मय एका घराला, त्यातही जागा आणि नळ असलेल्या घराला, उद्देशून लिहिले जाते. त्यामुळे ते छंदाचे वाङ्मय होऊन बसते आणि कोरडवाहू गावातल्या वाचकाला अपुरेपणाची टोचणी देते.

चांगल्या पुस्तकाची अपेक्षा फार मोठी नाही. प्रत्येक भाजीपुढे लिटरमध्ये पाणी, प्रत्येक औषधीपुढे शास्त्रीय नाव, मात्रा, मुदत आणि 'कोणी घेऊ नये', आणि प्रत्येक कृतीपुढे लागणारा वेळ. एवढे छापले तर पानेही वाढत नाहीत.

तोवर वाचकाने आपल्यापुरते करण्यासारखे एक काम आहे. दिवाळीनंतर मेथी-कोथिंबिरीचे बी टाकण्याआधी आठ दिवस मोरीतून वाहून जाणारे पाणी बादलीने मोजावे आणि तो आकडा परसबागेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहावा. पुढची सगळी पाने मग त्या आकड्याशी ताडून वाचता येतात.