मेंडेलची पत्रं वाचताना: खलनायक नक्की कोण?

ग्रेगोर मेंडेलची एक गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. त्याने वाटाण्याचे प्रयोग म्युनिकच्या प्राध्यापक कार्ल नेगेलींना कळवले. त्यांना ते उमगले नाहीत. उलट त्यांनी मेंडेलला हायरेशियम या रानफुलाच्या नादी लावलं आणि त्याचं काम फसलं. नेटच्या तयारीत मीही हेच पाठ केलं होतं.

मग मूळ पत्रं वाचली. १८६६ ते १८७३ या काळात मेंडेलने नेगेलींना लिहिलेली ही दहा पत्रं कार्ल कॉरेन्सने १९०५ मध्ये छापली. १९५० मध्ये 'जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या पुरवणीत त्यांचं इंग्रजी भाषांतर आलं.

पहिल्याच पत्रात गोष्ट उलटते. नेगेलींचं उत्तर यायच्या आधीच मेंडेल हायरेशियमचं नाव घेतो. म्हणजे निवड त्याचीच होती. नेगेली त्या वनस्पतीचे जाणकार, म्हणून तर त्यांना पत्र. पुढे एप्रिल १८६७ मध्ये तो बियांच्या १४० पुड्या पाठवतो. ही नुसती भेट नव्हे. 'पेरा आणि स्वतः पडताळा' असं सांगायची ती पद्धत होती. नेगेलींकडूनही त्याला हायरेशियमची रोपं येत राहिली.

हायरेशियम फसलं, कारण त्याच्या बऱ्याच जातींत फलन न होताच बी धरतं. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं. या दोघांनाही ते माहीत असणं शक्य नव्हतं.

मग नेगेली निर्दोष? तसंही नाही. मका आणि गुलबक्षीचे संकर वाटाण्यासारखेच वागतात, हे मेंडेलने १८७० मध्ये त्यांना स्पष्ट कळवलं. तरी १८८४ मधल्या उत्क्रांतीवरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात नेगेली मेंडेलचं नावही घेत नाहीत. माझ्या मते त्यांचा खरा दोष हा, सल्ला नव्हे.

या संग्रहाची मर्यादाही ध्यानात ठेवा. यात फक्त मेंडेलची बाजू आहे. शिवाय छापणारा कॉरेन्स नेगेलींचा विद्यार्थी, आणि १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक. असा संपादक तटस्थ कसा मानायचा?

तेव्हा लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना 'अमुक म्हणतो की तमुक म्हणाला' यावर थांबू नका. मूळ कागद उघडा. आणि त्यावर तारीख काय आहे, ते आधी बघा. इथे सगळा निकाल एका तारखेनेच फिरवला.