वळणावर हॉर्न वाजवा : खरे रस्ते जेव्हा गेममधले ट्रॅक होतात

रेसिंग गेम खेळणाऱ्या मंडळींची एक जुनी हौस आहे. कंपनीने दिलेले मोंझा-सिल्व्हरस्टोन वगैरे खेळून झाले की त्यांना आपल्या आवडीचा खराखुरा रस्ता गेममध्ये हवा असतो. एखादा घाट, एखादा समुद्रकाठचा रस्ता. कधी कंपनीच तो देते. बऱ्याचदा मात्र कोणीतरी हौशी माणूस नोकरी सांभाळून, रात्री जागून तो बनवतो आणि फुकट वाटून टाकतो. २०१४ साली आलेल्या 'असेटो कोर्सा' या इटालियन गेममध्ये बाहेरचे ट्रॅक घालता येतात, त्यामुळे तिथे असे रस्ते ढिगाने सापडतील.

माझं पीएचडीचं काम डोंगराळ भागाच्या डिजिटल उंची-नकाशांवर आहे. त्यामुळे असा ट्रॅक दिसला की मी आधी विचारते, याची उंची कुठून आणली? पण हे ट्रॅक पाहता पाहता मला वाटायला लागलं की आपण त्यांचं कौतुक करताना एकच गोष्ट तपासतो : हुबेहूब आहे का? आणि हुबेहूब म्हणजे आपल्या लेखी फक्त आकार. वळण तसंच, चढ तसाच, कठडा तसाच. आकार महत्त्वाचा आहेच, पण रस्ता म्हणजे तेवढंच नाही. समोरून कोणीतरी येत असेल हे धरून चालवणं, हा रस्त्याचा अर्धा भाग आहे. तो गाळला की आकार कितीही अचूक असला तरी हातात उरतो तो ट्रॅक. आज हेच जरा उलगडून सांगते.

आकार येतो कुठून?

आधी थोडं तांत्रिक, कंटाळू नका. रस्ता बनवायला दोन गोष्टी लागतात : वरून दिसणारी रेषा आणि त्या रेषेवर प्रत्येक ठिकाणची उंची. रेषा उपग्रहाच्या चित्रावरून काढता येते. अडचण उंचीची.

फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने जगाच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. तो 'एसआरटीएम' डेटा आज कोणालाही फुकट मिळतो. त्यात साधारण दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा असतो. डोंगररांगा बघायला हे उत्तम. घाटरस्त्याला मात्र ते पुरत नाही.

हिशोब करून बघा. डोंगराचा उतार ४५ अंशांचा आहे आणि तुम्ही रस्त्याची रेषा ५ मीटर बाजूला काढलीत. उंची लगेच ५ मीटरने चुकली, म्हणजे दीड मजला! हेअरपिन वळणाची त्रिज्या १२-१५ मीटर असेल तर वरचा रस्ता आणि खालचा रस्ता एकमेकांपासून जेमतेम २५-३० मीटरवर असतात. नकाशाच्या एकाच चौकोनात दोघंही बसू शकतात, आणि मग नकाशा म्हणतो दोघांची उंची एकच. शिवाय दाट जंगलात रडारला जमीन नीट दिसत नाही, झाडांचा वरचा भागही उंचीत मिसळतो.

त्याहून बारीक गोष्ट म्हणजे वळणावर रस्त्याला दिलेला तिरपेपणा. साडेतीन मीटरच्या लेनला ७ टक्के तिरपेपणा म्हणजे दोन कडांमध्ये जवळपास २५ सेंटिमीटरचा फरक. गाडी वळणात धरून राहते की बाहेर ढकलली जाते, हे यावर ठरतं. हा फरक ३० मीटरच्या जाळीत शोधूच नका. म्हणून पैसेवाल्या कंपन्या रस्त्याचं लेझर स्कॅनिंग करतात, आणि हौशी माणूस फोटो आणि व्हिडिओ बघून हाताने दुरुस्त्या करत बसतो. त्याच्या या कष्टांना माझा मनापासून सलाम. पुढची टीका या कष्टांवर नाही.

हारुना : आरसा आहे, समोरचा नाही

जपानच्या गुन्मा प्रांतात हारुना नावाचा डोंगर आहे. वर तळं, खाली इकाहो हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, आणि मधून उतरणारा प्रांतीय रस्ता क्रमांक ३३. 'इनिशियल डी' या मांगामुळे (१९९५ ते २०१३) तो जगभर माहीत झाला. कथेत डोंगराचं नाव बदलून 'आकिना' केलंय. सेगाच्या आर्केड गेमपासून आजच्या हौशी ट्रॅकपर्यंत या उताराच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या आहेत.

कथेचा नायक ताकुमी हा रेसर नाही. वडिलांच्या दुकानातलं तोफू पहाटे तळ्याकाठच्या हॉटेलांत पोचवणारा शाळकरी मुलगा आहे. वर्षानुवर्षं रोज तोच रस्ता, गाडीत पाण्याने भरलेला कप, आणि पाणी सांडायचं नाही. त्याचं कसब कामातून आलंय. रस्त्याच्या कडेची पाणी वाहून नेणारी चर वळणात चाक अडकवायला वापरायची, ही त्याची प्रसिद्ध युक्तीसुद्धा रोजच्या ओळखीतून सुचलेली.

आता या उताराचे ट्रॅक घ्या. चांगल्या ट्रॅकमध्ये लागोपाठची पाच हेअरपिन वळणं जागच्या जागी असतात, चरही असते. जपानच्या सर्वेक्षण संस्थेचा विमानातून लेझरने मोजलेला ५ मीटर जाळीचा उंची-डेटा बऱ्याच भागांसाठी खुला आहे, त्यामुळे डोंगर बराच खरा उतरतो. मग नसतं काय?

जपानी घाटात आंधळ्या वळणावर नारिंगी चौकटीचा बहिर्गोल आरसा असतो. समोरून कोणी येतंय का ते बघायला. ट्रॅक करणारा तो आरसाही प्रेमाने उभा करतो. पण गेममध्ये तुम्ही एकटेच उतरत असता, पूर्ण रुंदी तुमचीच. त्या आरशात काही दिसलं काय आणि न दिसलं काय, फरक पडत नाही. ज्या कामासाठी तो लावला ते कामच उरलेलं नाही. एक नमुनेदार वस्तू म्हणून तो तिथे उभा आहे.

याचा परिणाम थेट चालवण्यावर होतो. खऱ्या घाटात आंधळ्या वळणावर तुम्ही आपल्या लेनमध्ये राहता, म्हणजे वळण प्रत्यक्षात अधिक घट्ट होतं. गेममध्ये बाहेरून आत, आतून बाहेर अशी रेसिंगची रेषा धरता आणि तेच वळण सैल होतं. आकार मिलिमीटरपर्यंत बरोबर असूनही तुम्ही वेगळं वळण घेत असता! 'रस्ता पाठ झाला' असं म्हणणाऱ्याला पाठ झालेली असते ती दुसरीच रेषा, जी खऱ्या रस्त्यावर अर्धी विरुद्ध लेनमधून जाते. हा मुद्दा नुसता सौंदर्याचा नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आइल ऑफ मॅन : अचूक, आणि तरीही अपुरं

आकाराच्या अचूकतेत वरचा नंबर लागेल तो २०१८ च्या 'टीटी आइल ऑफ मॅन : राइड ऑन द एज' या मोटरसायकल गेमचा. त्यासाठी त्या बेटावरचा ६०.७ किलोमीटरचा अख्खा रस्ता लेझरने स्कॅन केला गेला. गावातल्या भिंती, फुटपाथच्या कडा, डोंगराचा चढ, सगळं आहे. मी हा गेम प्रामाणिक मानते, कारण इथे रस्त्याचा ट्रॅक खऱ्या जगातच होतो. १९११ पासून या डोंगरी मार्गावर शर्यत होते, तेवढ्यापुरता कायद्याने रस्ता बंद करतात, आणि समोरून कोणी येणार नाही याची हमी असते. गेमने काही चोरून काढलेलं नाही.

तरी एक गोष्ट राहते. या मार्गावर आजवर २५० हून अधिक स्पर्धकांचा जीव गेलाय. तिथे दगडी भिंत दगडीच असते. गेममध्ये भिंतीला धडकलात की दोन-चार सेकंदांत पुन्हा रस्त्यावर. कोणी म्हणेल, गेम आहे, दुसरं काय करणार? बरोबर. पण मग जाहिरातीत 'खराखुरा रस्ता' म्हणताना कोणता खरेपणा विकतोय तेही सांगा. भिंतीची जागा खरी आहे. भिंतीचा अर्थ खरा नाही.

ग्रेट ओशन रोड : लांबीचं काय?

'फोर्झा होरायझन ३' (२०१६) मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट ओशन रोडचा तुकडा आहे. दिसायला झकास. पण खरा रस्ता साधारण २४० किलोमीटर आहे. १९१९ ते १९३२ या काळात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो बांधला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. म्हणजे तो रस्ता हेच स्मारक, आणि त्याची लांबी हा स्मारकाचाच भाग. गेममध्ये तो काही मिनिटांत संपतो आणि नकाशा आपल्याला दुसऱ्याच प्रदेशात नेऊन सोडतो. हा रस्त्याचा पोस्टकार्ड फोटो झाला.

मानववंशशास्त्रज्ञ टिम इंगोल्ड यांनी 'लाइन्स' (२००७) या पुस्तकात वाटेने जाणं आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवलं जाणं यांत फरक केलाय. वाटेने जाणारा जाता जाता जगाशी गुंतत जातो, पोचवल्या जाणाऱ्याला मधला भाग नुसता पार करायचा असतो. मला वाटतं गेमचा ट्रॅक हा तिसरा प्रकार आहे. त्यात मधलाच भाग असतो, पोचायचं कुठेच नसतं. हारुनाचा उतार संपला की इकाहो येत नाही, वेळेचा तक्ता येतो.

टोकियो : सगळ्यात जवळ गेलेला प्रयत्न

मग चांगलं उदाहरण कोणतं? माझ्या मते असेटो कोर्सासाठी हौशी लोकांनी बनवलेला 'शुतोको रिव्हायव्हल प्रोजेक्ट'. टोकियोच्या शहरी एक्स्प्रेसवेचं जाळं त्यांनी उभं केलंय. मधला सी-वन हा वर्तुळाकार मार्ग सुमारे १५ किलोमीटरचा. अरुंद लेन, बोगदे, अचानक येणारे फाटे.

हा ट्रॅक लोक बहुतेक वेळा रहदारीसह चालवतात. संगणकाने चालवलेल्या टॅक्सी, ट्रक आणि त्यात इतर खेळाडू. लगेच सगळं बदलतं. आरशात बघावं लागतं, लेन बदलताना विचार करावा लागतो, पुढचा ट्रक कुठे वळेल याचा अंदाज घ्यावा लागतो. त्रुटी आहेतच : ती टॅक्सी तुम्हाला घाबरत नाही, तुमच्यामुळे तिच्यातल्या माणसाचा दिवस खराब होत नाही. शिवाय एक्स्प्रेसवे असल्यामुळे समोरून येणाऱ्याचा प्रश्न मुळातच सुटलेला आहे. पण रस्त्यावर आपण एकटे नाही, ही जाणीव इथे निदान आहे, आणि चालवण्याची मजा त्यामुळे वाढते, कमी होत नाही. 'गाड्या घातल्या तर गेम कंटाळवाणा होईल' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

या रस्त्याची आणखी एक गोष्ट संशोधक म्हणून मला महत्त्वाची वाटते. सी-वन निहोनबाशी या ऐतिहासिक पुलाच्या डोक्यावरून जातो. १९६४ च्या ऑलिम्पिकच्या घाईत तो तसा बांधला गेला. आता तो भाग जमिनीखाली नेण्याचं काम सुरू आहे, आणि २०४० पर्यंत वरचा पूल काढून टाकायचा बेत आहे. त्यानंतर तिथून गाडी चालवण्याचा अनुभव फक्त व्हिडिओत आणि अशा ट्रॅकमध्ये उरेल. हौशी माणसाने रात्री जागून केलेलं काम उद्या दस्तऐवज ठरणार असेल, तर त्यात काय ठेवलं आणि काय गाळलं हा प्रश्न नुसता खेळाचा राहत नाही.

आणि आपले घाट?

तुम्ही विचारालच, आंबोली किंवा ताम्हिणी का नाही? पहिलं कारण डेटाचं. आपल्याकडे सर्वांना सहज मिळणारा उंची-डेटा मुख्यतः ३० मीटर जाळीचाच आहे, मग तो एसआरटीएम असो की इस्रोचा कार्टोसॅटवरून केलेला. नकाशांसंबंधीचे नियम फेब्रुवारी २०२१ मध्ये सैल झाले, गुगलचा स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये पुणे-नाशिकसारख्या काही शहरांपासून सुरू झाला. सह्याद्रीच्या कड्यावरचं हेअरपिन वळण यातून नीट उभं करायचं तर बरंच हाताने करावं लागेल.

पण समजा उद्या ५ मीटरचा डेटा मिळाला. तरी आपला घाट आकाराने पुरा होणार नाही. आपल्याकडे चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे. रात्री डिपर मारून समोरच्याला विचारायचं आणि त्याने डिपर मारून उत्तर द्यायचं. एसटीला वळण घ्यायला पूर्ण रस्ता लागतो, म्हणून अलीकडेच थांबायचं. 'वळणावर हॉर्न वाजवा' ही पाटी शोभेची नसते. न दिसणाऱ्या माणसाला 'मी आहे' सांगायचा तोच एक मार्ग असतो. गेममध्ये हॉर्नचं बटण असतं. दाबून बघा, कोणी थांबत नाही. पावसाळ्यात दरडीच्या भीतीने वरंधा घाट बंद होतो, तेव्हा तो बंद असणं हीसुद्धा त्या घाटाची खरी अवस्था असते.

तेव्हा माझी ट्रॅक बनवणाऱ्यांना एकच विनंती आहे. तिरपेपणाच्या शेवटच्या सेंटिमीटरवर जितकी रात्र घालवता, त्यातली एखादी रात्र समोरून येणाऱ्या एका ट्रकवर घालवा. एकच पुरे. तो कुठल्या वळणावर भेटेल ते मात्र ठरलेलं नसावं. आणि खेळणाऱ्यांनो, पुढच्या वेळी 'एकदम हुबेहूब' असं लिहिण्याआधी तो उतार एकदा आपल्या लेनमध्ये राहून उतरून बघा. वेळ वाईट येईल. पण त्या वळणावर आरसा का लावलाय, ते कळेल.